दार्जिलिंगच्या वाफेच्या इंजिनाचं पॅनिंग: पहिल्यांदा कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांसाठी

पहिल्यांदा दार्जिलिंगला गेले तेव्हा तीन दिवसांत सहाशेच्या वर फोटो काढले. कल्याणला घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहिले आणि लक्षात आलं, की एकाही फोटोत इंजिन चालत नाहीये. १/५०० सेकंदाच्या शटरने मी ते जागच्या जागी थिजवून टाकलं होतं. चाकाची कांब न् कांब मोजता येत होती, मागच्या दुकानाच्या पाटीवरचा फोन नंबरसुद्धा वाचता येत होता. धूर नसता तर गाडी स्टेशनात उभी आहे असंच वाटलं असतं. दुसऱ्या खेपेला शटर स्पीड कमी केला, तर इंजिन, दुकान, डोंगर सगळंच हललं. तिसऱ्या खेपेला मात्र हवे होते तसे फोटो मिळाले आणि तेव्हा कळलं की अडचण कॅमेऱ्याची नव्हतीच. मी चुकीच्या जागी उभी राहत होते आणि इंजिनाचा वेग न मोजता शटर लावत होते.

पॅनिंग म्हणजे चालत्या वस्तूबरोबर कॅमेरा फिरवत ठेवायचा आणि फिरता फिरता, शटर जरा जास्त वेळ उघडं ठेवून फोटो घ्यायचा. कॅमेरा इंजिनाच्याच गतीने फिरला, तर इंजिन स्पष्ट येतं आणि मागचं जग आडव्या रेघांमध्ये विरघळतं. चाकं आणि त्यांना जोडणारे दांडे गरगरलेले दिसतात. आगीनगाडी चालताना डोळ्यांना जशी भासते, तशी कागदावर येते.

शिकायला दार्जिलिंगसारखी जागा आपल्या देशात दुसरी मला माहीत नाही. ही रेल्वे १८८१ सालची, रुळांमधलं अंतर फक्त ६१० मिलिमीटर. नेरळ-माथेरानचंही तेवढंच आहे. इथली ‘बी’ वर्गाची इंजिनं ज्या आराखड्याची आहेत तो १८८९ पासून चालत आलाय. १९९९ मध्ये युनेस्कोने या मार्गाला जागतिक वारसा म्हटलं. पण फोटो काढणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच. हे इंजिन हिल कार्ट रोडला अगदी खेटून, बाजारातून, घरांच्या उंबऱ्यांपासून हातभर अंतरावरून, सायकलच्या वेगाने चालतं. तुम्हाला त्याच्याजवळ उभं राहता येतं, आणि चुकलं तर पुढच्या फेरीला पुन्हा प्रयत्न करता येतो.

१. आधी तारीख आणि तिकीट

ऑक्टोबर ते डिसेंबर, नाहीतर मार्च-एप्रिल. पावसाळ्यात दरडी कोसळतात, गाड्या रद्द होतात, म्हणून जून ते सप्टेंबर सोडून द्या. माझं स्वतःचं मत डिसेंबरच्या बाजूने. थंडीत वाफ दाट आणि पांढरीशुभ्र दिसते, लगेच विरून जात नाही.

दार्जिलिंग ते घूम आणि परत अशी जॉयराइड दिवसातून अनेकदा असते. इथे दोन सापळे आहेत.

पहिला सापळा डिझेलचा. काही फेऱ्या वाफेच्या इंजिनाच्या, काही डिझेलच्या. आरक्षण करताना गाडीच्या नावापुढे वाफेचं इंजिन लिहिलंय की डिझेलचं ते नीट वाचा. रस्त्यावर उभं राहून फोटो काढायचे असतील तरी वेळापत्रकातून फक्त वाफेच्या फेऱ्या निवडून वहीत लिहून घ्या.

दुसरा सापळा जास्त वाईट. लोक हौसेने सगळ्या फेऱ्यांची तिकिटं काढतात आणि गाडीत जाऊन बसतात. गाडीत बसून त्याच गाडीचं पॅनिंग कसं करणार? एक फेरी जरूर करा, पण ती पाहणीसाठी. खिडकीत बसून जागा हेरा: सूर्य कुठल्या बाजूला येतोय, कुठे विजेच्या तारा आडव्या येतात, कुठे इंजिनामागे आकाश आहे आणि कुठे घरं, इंजिनाचं तोंड कुठल्या दिशेला असतं. बाकीच्या फेऱ्यांना बाहेर थांबा.

प्रवासासाठी फोटो असलेलं मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. हौशी फोटोंसाठी वेगळं काही लागत नाही. जाहिरात, लग्नाचं शूटिंग वगैरे व्यावसायिक काम असेल तर ईशान्य सीमा रेल्वेची लेखी परवानगी आधीच घ्यावी लागते. ड्रोन घरीच ठेवा.

एक गोष्ट मुंबई-पुण्याकडच्यांच्या हमखास लक्षात राहत नाही. दार्जिलिंग आपल्यापेक्षा बरंच पूर्वेला आहे आणि घड्याळ तेच. सूर्य तिथे मुंबईच्या मानाने साधारण तासभर आधी माथ्यावर येतो. डिसेंबरात पावणेपाचच्या सुमाराला सूर्य गेलेला असतो. ‘संध्याकाळच्या उन्हात काढू’ असं म्हणून चारच्या चहाला बसलात, तर ऊन गेलं म्हणून समजा.

२. बरोबर काय घ्यायचं

- शटर स्पीड हाताने ठरवता येईल असा कुठलाही कॅमेरा. महाग हवा असं नाही.
- एक झूम लेन्स, साधारण २४ पासून १०५ मिलिमीटरपर्यंतची. ७०-२०० ची लेन्स असेल तर उत्तम, पण अरुंद रस्त्यावर तिचा उपयोग कमी होतो.
- एनडी-८ फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची, प्रकाश अडवणारी काळसर काच. ही विसरलात तर उन्हात काम होणार नाही. कारण पुढे सांगते.
- दोन बॅटऱ्या. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून दुसरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवायची.
- मऊ कापड आणि हवेचा छोटा पंप. धुराबरोबर कोळशाचे कण उडतात. इंजिन जवळ असताना लेन्स बदलू नका. आणि लेन्सवर पडलेला कण कापडाने पुसू नका, आधी हवेने उडवा, नाहीतर ओरखडा पडतो.
- पकड चांगली असलेले बूट आणि बोटं उघडी ठेवणारे हातमोजे.

ट्रायपॉड मी नेते, पण वापरत नाही. रस्ता उताराचा, गर्दी, गाड्यांची ये-जा, त्यात तीन पाय कुठे रोवणार?

मोबाइलवाल्यांसाठी: फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/१५ वर ठेवता येत असेल तर पॅनिंग जमतं, पण ढगाळ किंवा धुक्याच्या दिवशीच. उन्हात फोटो पांढराफटक येईल, कारण बहुतेक फोनचं अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येण्याचं भोक) लहान करता येत नाही.

३. सराव घराखाली, सायकलवर

टॉय ट्रेन रस्त्याच्या कडेने ताशी १०-१२ किलोमीटरने जाते. रमतगमत चाललेली सायकलही तेवढ्याच वेगाने जाते. म्हणून तिकीट काढण्याआधी दोन रविवार घराखालच्या रस्त्याला द्या. रस्त्यापासून दहा पावलं मागे उभं राहा, ओळखीच्या मुलाला सायकलवर एकसारख्या वेगाने फेऱ्या मारायला सांगा. आधी १/६० वर वीस फोटो, मग १/३० वर वीस, मग १/१५ वर पन्नास. मुलाचा चेहरा स्पष्ट आणि मागची भिंत विरघळलेली, असे पन्नासात पाच आले तरी तुम्ही तयार आहात.

माथेरानला जाणाऱ्यांना याहून चांगला सराव मिळतो. अमन लॉज ते माथेरान शटलच्या बाजूने लोक चालत जातात. गाडी डिझेलची असली तरी रुळांचं माप आणि चाल दार्जिलिंगच्या वळणाचीच. रुळांपासून अंतर ठेवून उभं राहा.

४. इंजिनाचा वेग कानाने मोजा

‘शटर स्पीड किती ठेवू?’ हा प्रश्न सगळे विचारतात. त्याचं उत्तर आकड्यात पाठ करू नका, कारण चढावर, वळणावर, बाजारात वेग बदलत राहतो. मी वापरते तो नियम वितीचा आहे. शटर उघडं असेल तेवढ्या वेळात इंजिन एक वीत पुढे सरकलं, तर पार्श्वभूमी विरघळायला लागते. हातभर सरकलं, तर नुसत्या रेघा उरतात. ताशी १२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सव्वातीन मीटरच्या थोडं वर. १/१५ सेकंदात ते २२ सेंटिमीटर सरकतं, म्हणजे वीत. १/८ सेकंदात ४२ सेंटिमीटर, म्हणजे हात. १/६० ला मात्र जेमतेम तीन बोटं, म्हणूनच तिथे फोटो थिजल्यासारखा दिसतो.

आता वेग कसा कळणार? इंजिनच सांगतं. बी वर्गाच्या इंजिनाला दोन सिलिंडर आहेत, आणि चाकाच्या एका फेरीत धुराड्यातून चार वेळा ‘झुक’ होतं. चाकाचा व्यास २६ इंच, म्हणजे एका फेरीत इंजिन दोन मीटरच्या किंचित पुढे जातं. चाराने भागलं की एका झुकला साधारण अर्धा मीटर. हातभरच म्हणा ना!

तर हिशोब असा: दोन झुकांच्या मधला जो वेळ, त्याच्या निम्मा शटर ठेवा, की वीतभराचा नियम आपोआप पाळला जातो. सेकंदाला सहा झुक ऐकू आले तर वेग ताशी ११ किलोमीटरच्या आसपास, आणि शटर १/१२ किंवा १/१५. चढावर धापा टाकत सेकंदाला तीन झुक येत असतील तर वेग साडेपाच, आणि शटर थेट १/६ पर्यंत खाली. निम्म्या झुकात चाक ४५ अंश फिरतं, तेवढ्यात दांडे छान पसरतात.

सेकंदाला सहा ठोके कानाने मोजणं सुरुवातीला अवघड जातं. गाडी पहिल्यांदा जाईल तेव्हा मोबाइलवर दहा सेकंद आवाज रेकॉर्ड करा आणि निम्म्या गतीने वाजवून मोजा. एका दिवसात कान तयार होतो.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांसाठी थोडा वेगळा हिशोब. तिथल्या वारसा रेल्वेंवर बहुतेक ठिकाणी ताशी २५ मैलांची, म्हणजे ४० किलोमीटरची मर्यादा असते. तिथे १/६० ला वीत होते आणि १/३० ला हाताला थोडं कमी. मोठं इंजिन असल्याने मागे सरकून उभं राहावं लागतं, म्हणून १/३० पासूनच सुरुवात करा. ‘ब्लॅक फाइव्ह’सारख्या इंजिनाचं चाक सहा फुटी असतं आणि पूर्ण वेगात सेकंदाला आठेक ठोके पडतात, नुसत्या कानाने मोजणं अवघडच.

५. जागा: वळणाच्या आत उभं राहा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि मी दुसऱ्या खेपेला इथेच मार खाल्ला.

सरळ रुळाच्या कडेला उभं राहिलात, तर इंजिन दुरून येताना कॅमेरा हळू फिरवावा लागतो, बरोबर समोर आलं की भराभर, आणि पुढे गेलं की पुन्हा हळू. हाताला ही बदलती गती सांभाळायची सवय नसते. शिवाय जवळ उभं राहिलं तर इंजिनाचं नाक आणि शेपूट तुमच्यापासून वेगवेगळ्या अंतरावर, वेगवेगळ्या कोनात असतात. मधली केबिन स्पष्ट येते आणि दोन्ही टोकं पसरतात.

वळणाच्या आतल्या बाजूला उभं राहिलं की हे बरंच सुटतं. इंजिन तुमच्याभोवती फिरतं, अंतर कमी बदलतं, हाताची गती बरीच एकसारखी राहते. फोकसही फारसा हलत नाही.

आणि या मार्गावर तशी जागा तयार आहे. बतासिया लूप १९१९ मध्ये बांधला, उतार सौम्य व्हावा म्हणून. रूळ इथे स्वतःभोवती गोल फिरून स्वतःवरूनच पुढे जातात. मधल्या बागेत गोरखा सैनिकांचं स्मारक आहे. तिकीट काढून बागेत जा, स्मारकाला नमस्कार करा आणि वर्तुळाच्या आत, रुळांपासून सात-आठ मीटरवर जागा धरा. गाडी इथे दहा मिनिटं थांबते. थांबलेल्या गाडीभोवती पर्यटक गोळा होतात, तेव्हा तुम्ही जागेवरून हलू नका. गाडी निघेल तेव्हा सगळे बाजूला होतात.

निघताना पहिले काही क्षण फोटो घेऊ नका. सिलिंडरमध्ये साठलेलं पाणी बाहेर काढायला खालच्या नळ्या उघडतात आणि त्या पांढऱ्या वाफेत चाकं दिसेनाशी होतात. ती वाफ थांबली, की इंजिन धडाडून ओढायला लागतं, धूर उंच जातो, वेग अजून कमी असतो. हाच तुमचा क्षण, म्हणून गाडी थांबते त्या जागेपेक्षा तीस-चाळीस मीटर पुढे उभं राहणं चांगलं.

पार्श्वभूमीबद्दल एक गोष्ट कळायला मला फार वेळ लागला. कॅमेरा फक्त फिरतो, सरकत नाही. त्यामुळे मागचं दुकान असो की दहा किलोमीटरवरचा डोंगर, दोघांचीही रेघ सारख्याच लांबीची उठते. फरक पडतो तो रंगाचा आणि नक्षीचा. मागे निळं आकाश किंवा धुकं असेल तर रेघ उठायला काही नसतंच, आणि इतकी मेहनत करूनही फोटो साधाच दिसतो. मला वाईट वाटतं, पण बतासियात कांचनजंगा मागे धरून पॅनिंग करण्यात अर्थ नाही. उलट बाजूला वळा. तिथे झाडं, रंगीत पत्र्यांची घरं, फुलांच्या कुंड्या, प्रार्थनेच्या पताका आहेत, आणि त्यांच्या रेघा पाहण्यासारख्या उठतात.

बतासियात हात बसला की मग हिल कार्ट रोडच्या बाजाराकडे या. रस्ता अरुंद, म्हणून ३५ ते ५० मिलिमीटर लेन्स आणि समोरच्या दुकानाच्या पायरीवरून, जितकं मागे सरकता येईल तितकं मागे. दुकानदाराला विचारून उभं राहा, चहा तिथेच घ्या. इथे इंजिनाची दोन्ही टोकं थोडी पसरणारच. केबिनमधला ड्रायव्हर स्पष्ट आला की फोटो जिंकला.

६. कॅमेऱ्याची मांडणी

मोड: शटर प्रायॉरिटी (शटर तुम्ही ठरवता, बाकी कॅमेरा) चालेल, पण मी मॅन्युअल (सगळं हाताने) वापरते. गडद इंजिन आणि पांढरी वाफ यांत कॅमेऱ्याचं प्रकाश मोजणारं मीटर गोंधळतं. वाफेचा लोट आला की पुढचा फोटो अंधारा. गाडी यायच्या आधी रस्त्यावर आणि झाडांवर मीटर बघून आकडे पक्के करा, मग हात लावू नका. वाफ जळून पांढरी होण्यापेक्षा फोटो अर्धा स्टॉप गडद बरा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) ठेवलीत तर सावल्या नंतर उजळता येतात. जळलेली वाफ परत येत नाही.

फिल्टर: लख्ख उन्हात आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) १०० आणि एफ/१६ (एफचा आकडा मोठा तेवढं लेन्सचं भोक लहान) ला शटर १/१०० च्या आसपास येतो. आपल्याला हवा १/१५, म्हणजे जवळजवळ तीन स्टॉप जास्त प्रकाश आत येणार. तेवढाच एनडी-८ अडवतो. हा फिल्टर नसेल तर अ‍ॅपर्चर एफ/२२ पर्यंत आवळावं लागतं आणि तरीही फोटो उजळ येतो. सेन्सरवरचे धुळीचे ठिपकेही मग ठळक दिसतात. ढगाळ दिवशी फिल्टर काढा.

फोकस: इंजिन जिथे टिपायचं तिथल्या रुळावर आधीच फोकस करून लेन्स मॅन्युअलवर टाका. कॅमेऱ्याचा सततचा ऑटोफोकस चांगला असेल तर एकच बिंदू निवडून तो केबिनवर किंवा नंबराच्या पाटीवर ठेवा. सगळे बिंदू चालू ठेवलेत तर कॅमेरा वाफेवर फोकस करतो.

स्टॅबिलायझेशन: लेन्सवर ‘मोड १’ आणि ‘मोड २’ असतील तर पॅनिंगसाठी दुसरा. तो फक्त वर-खाली थरथर आवरतो. पहिल्या मोडवर राहिलात तर लेन्स तुमचं फिरणंच थरथर समजून त्याला विरोध करते. एकच बटण असेल आणि पुस्तिकेत पॅनिंगचा उल्लेख नसेल, तर बंद करून बघा आणि चालू करून बघा. सायकलच्या सरावात हे ठरवून टाका.

फ्लॅश वापरू नका. ड्रायव्हरच्या डोळ्यांवर चमकतो, आणि ही गाडी माणसांच्या गर्दीतून जाते.

७. पाय, कंबर, हात

जिथे फोटो घ्यायचा त्या दिशेला दोन्ही पाय रोवा. मग कमरेतून वळून गाडी येते तिकडे बघा. जात्याचा खुंटा जसा हात ताठ न करता अख्ख्या अंगाने फिरवतात, तसं फिरायचं: कोपर बरगड्यांना चिकटलेले, कॅमेरा कपाळाला टेकलेला, फिरते ती कंबर. लोक पाय गाडीच्या दिशेला ठेवतात आणि मग नेमक्या क्षणी अंग पीळ खाऊन अडकतं.

इंजिन दिसल्याबरोबर व्ह्यूफाइंडरमध्ये धरा, फोटो घेण्याच्या बरंच आधी. पाटीवरचा एक आकडा निवडा आणि फोकसचा बिंदू त्यावर चिकटवून ठेवा. समोर यायच्या थोडं आधी बटण हळू दाबा, चार-पाच फोटो सलग जाऊ द्या, आणि बटण सोडल्यावरही फिरत राहा, शेवटचा डबा जाईपर्यंत. क्लिक करताच हात थांबवण्याची सवय सगळ्यांना असते, आणि शेवटचे दोन फोटो तिथेच वाया जातात.

श्वास रोखू नका, हळू सोडत राहा.

पहिल्या फेरीला १/३०. दोन-चार चांगले पदरात पडले की दुसऱ्या फेरीला १/१५. मगच १/८. थेट १/८ पासून सुरुवात केलीत तर दिवसअखेर हाती काही नसेल आणि मन खट्टू होईल. माझं तसंच झालं होतं.

८. जीपमधून: दुसरी पद्धत, वेगळे नियम

रस्ता आणि रूळ शेजारी शेजारी असल्याने चालत्या जीपमधून, इंजिनाच्या बरोबरीने जाऊनही फोटो घेता येतात. हे खरं पॅनिंग नव्हे. इथे कॅमेरा फिरत नाही, सरकतो, आणि त्यामुळे चित्रच बदलतं. जवळचे खांब, कठडे, दुकानं पसरतात, पण दूरचा डोंगर जागेवर राहतो. बतासियात जो कांचनजंगा सोडून द्यायला सांगितला, तो इथे परत येतो: इंजिन स्पष्ट, कांचनजंगा स्पष्ट, मधलं सगळं वाहतं. सकाळच्या फेरीला, हवा स्वच्छ असेल तर हे करून बघाच.

स्टॅबिलायझेशन इथे पहिल्या मोडवर, शटर १/१५ ते १/३०. ड्रायव्हर स्थानिकच घ्या आणि आदल्या दिवशी त्याच्याशी बसून बोला. मी नेहमी एकाच दाजूंबरोबर जाते (नेपाळीत थोरल्या भावाला दाजू म्हणतात). कुठे रूळ रस्ता ओलांडतात, कुठे समोरून ट्रक येतो, हे त्यांना पाठ आहे. मी ‘बिस्तारै, दाजू’ म्हटलं की ते गाडी हळू करतात, आणि त्यांनी ‘अब हुँदैन’ (आता नाही चालणार) म्हटलं की मी कॅमेरा मांडीवर ठेवते. मागच्या सीटवर, पट्टा लावून, काच खाली करून बसायचं. दारातून किंवा खिडकीतून अंग बाहेर काढायचं नाही, एकाही फोटोसाठी नाही. स्वतः गाडी चालवत असाल तर ही पायरी सोडून द्या.

९. फोटो बघून चूक ओळखा

फेरी संपली की लगेच सावलीत बसून पडदा मोठा करून बघा. ‘हलला’ एवढं म्हणून पुसू नका. कसा हलला ते महत्त्वाचं.

इंजिनावरच्या चमकत्या ठिपक्यांकडे बघा, पितळी नळी, दिवा, खिळे. ठिपका आडवा ताणलेला असेल तर हाताची गती जुळली नाही. त्याच फोटोत मागच्या रेघा फार आखूड असतील तर तुम्ही मागे पडत होतात किंवा क्लिकला थांबलात. लांबच लांब असतील तर पुढे पळालात. ठिपका उभा ताणलेला असेल तर गती बरोबर होती, पण बटण जोरात दाबलं किंवा कोपर सुटले. ठिपक्याची छोटी लाट दिसत असेल तर दोन्ही, किंवा स्टॅबिलायझेशन चुकीच्या मोडवर.

केबिन स्पष्ट आणि पुढचं टोक पसरलेलं? फार जवळ होतात, मागे सरका आणि लेन्स लांब करा. सगळंच मऊ, पण कुठल्याच दिशेला ताण नाही? मग तो फोकस आहे, हालचाल नाही. सगळं स्पष्ट, पण फोटोत जीव नाही? शटर खाली आणा.

वाफ पसरलेली दिसणारच, तिला चूक समजू नका. धुराड्यातून सुटली की ती इंजिनाची राहत नाही, हवेची होते, आणि मागच्या झाडांबरोबर मागे पडते.

१०. रूळ आणि माणसं

गावातले लोक रुळांवरून चालतात, मुलं खेळतात, तेव्हा आपल्यालाही वाटतं की चालेल. नाही चालत. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी व्ह्यूफाइंडरला डोळा लावून फिरणाऱ्या माणसाला मागून येणारी टॅक्सी दिसत नाही. बरोबर कुणाला तरी घ्या, ज्याचं काम फक्त रस्त्याकडे बघणं असेल.

सकाळी लवकर स्टेशनाजवळच्या लोको शेडपाशी जा, रस्त्यावरूनच दिसते. इंजिनं तयार होत असतात, कोळसा फोडला जातो, पाणी भरलं जातं. आत जायचं तर विचारून. ड्रायव्हर, आगवाला, कोळसा फोडणारा, पुढे बसून रुळांवर वाळू सोडणारा, ही माणसं वर्षानुवर्षं फोटोत येतात आणि त्यांना स्वतःला एकही फोटो मिळत नाही. ‘धूर सोडा’ अशी फर्माइश करू नका. कोळसा मोजून असतो आणि चढ समोर असतो. सकाळी नमस्कार करून फक्त सांगा की आज बतासियात वळणाच्या आत उभी असेन. ड्रायव्हरला कळलेलं असलं की तो तुम्हाला बघून बिचकत नाही.

मी पुढच्या खेपेला जाताना आधीच्या खेपेच्या फोटोंच्या प्रिंट नेते, साध्या पोस्टकार्डाएवढ्या, दोन-दोन प्रती. एक ज्याचा चेहरा आहे त्याला. दुसरी शेडमध्ये ठेवायला देते, मागे इंजिनाचा नंबर आणि तारीख लिहून.